तीनशे रुपयांचा ठेकेदार

नमस्कार, श्रोतेहो. सकाळी रंकाळ्यावर फिरून येताना झाडू मारणारी मावशी दिसते, ऑफिसच्या दारात वॉचमन, आत कॉम्प्युटरवर एखादा पोरगा. काम सरकारचं, पण यातली बरीच माणसं ठेकेदाराची. मी एका कार्यालयात त्यांची बिलं तपासायचो.

मनुष्यबळाच्या टेंडरात गंमत असते. किमान वेतन कायद्यानं ठरलेलं. मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, ईएसआय म्हणजे कामगार विमा सव्वातीन टक्के, तेही ठरलेलं. मग दर कमी कुठं करणार? फक्त ठेकेदाराच्या सेवाशुल्कात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मिळकतीत. समजा २० माणसं, प्रत्येकी १५,००० पगार. महिन्याचे झाले तीन लाख. सेवाशुल्क भरलंय ०.१ टक्का, म्हणजे ३०० रुपये! चौघांनी मिसळ खाल्ली की संपले. केंद्राच्या नियमात शून्य दर भरला तर टेंडर बाद, म्हणून दशांशचिन्हापुढं शून्यं मांडायची. एवढ्यात हा गृहस्थ सुपरवायझर कुठून ठेवणार? मग तो मजुराच्या पैशात हात घालतो: पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड मजुराकडं नसतं, ठेकेदाराकडं असतं.

एकदा एक मावशी थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "सायेब, पीएफ कापत्यात, पर मोबाईलवर काय दिसंना." मी फाईल काढली. तीन महिन्यांची बिलं, तिन्हींना पीएफ भरल्याचं चलन एकच, पहिल्या महिन्याचं. झेरॉक्स एवढी फिकी, की तारीख उजेडात धरून वाचावी लागली. त्यातल्या दोन बिलांवर सही माझीच होती.

ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं, म्हणजे कार्यालयानं, द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून हा नियम चालत आलाय. "बिल निघालं नाही" ही सबब पगाराला चालत नाही. महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. अर्थात बिलं आमच्याच कपाटात पडून राहायची, हेही सांगितलं पाहिजे.

तुम्ही ठेक्यावर असाल तर आपला १२ आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मागून घ्या आणि पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. पगारपत्रकावर कपात दिसली म्हणजे पैसे भरले असं होत नाही.

त्या मावशींचा पीएफ ठेकेदाराच्या अनामतीतून भरून घ्यायला चार महिने गेले. तोवर दर सोमवारी त्या यायच्या, झाडू दाराशी टेकवायच्या आणि विचारायच्या, "आलं का वो सायेब?"