विहिरीचा खजिनदार कोण?

(चर्चगेट स्टेशनबाहेर, क्रॉस मैदानाचा कोपरा. सकाळ.)

ही भिखा बेहरामची विहीर. १७२५ साली खोदलेली. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, आणि पाणी गोडं. पारशी मंडळी आजही इथे दिवा लावतात, हात जोडतात, मग लोकल पकडतात.

२०२५ मध्ये या विहिरीला तीनशे वर्षं झाली. त्याच वर्षी, १० एप्रिलला, मुंबईचे टँकर थांबले. विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी उपसून विकायचं, तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी महापालिकेने विहीरमालकांना नोटिसा दिल्या आणि टँकरवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. सोसायट्यांच्या टाक्यांनी तळ गाठला, बांधकामं अडली. शेवटी पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून टँकर आणि विहिरी ताब्यात घेण्याचं जाहीर केलं. त्यानंतर संप मिटला.

रोज वापरातल्या पाण्यासाठी आपत्तीचा कायदा काढावा लागला, हे मला अजून सलतं. तेव्हा नगरसेवकही नव्हते. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली होती आणि पालिकेवर प्रशासक होता. मग विचारायचं कोणाला?

(विहिरीवरची लोखंडी जाळी. पाण्यात गप्पी मासे.)

मुंबईला पाणी सात तलावांचं, हे शाळेतलं पोर सांगेल. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. नळ घरात आला आणि विहीर मागे पडली. मग मलेरिया आला. डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने डास विहिरींत वाढतात हे दाखवलं आणि शहरभर विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम निघाली. पारशांनी विरोध केला, कारण त्यांच्यासाठी विहीर पवित्र. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक यांचं आता फक्त नाव उरलंय, पाणी नाही.

त्या मलेरियाची सावली अजून आहे. मुंबईत विहिरीच्या परवानगीचा कागद पालिकेच्या कीटकनाशक विभागातून फिरतो. डासांसाठी ते योग्यच आहे. पण विहिरीत पाणी किती, कोण किती उपसतं, पावसाळ्यात परत किती मुरतं, हे विचारणं त्या विभागाचं काम नाही.

(अंधेरी पूर्व. पत्र्याच्या कुंपणाआड खोदकाम. पंपांचा आवाज.)

आमच्या सोसायटीत जुनी विहीर आहे. इथे वाडी होती, त्या काळातली. तिचं पाणी आम्ही फ्लशला, बागेला, जिने धुवायला वापरतो. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या प्लॉटवर तळघराचं खोदकाम सुरू झालं. खड्ड्यात झरे फुटले. तीन पंप रात्रंदिवस पाणी खेचून गटारात सोडत होते. पंधरा दिवसांत आमच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचं खालचं टोक, उघडा पडला. आणि महिनाअखेरीस त्याच गल्लीत आम्ही दहा हजार लिटरचे टँकर विकत घेत होतो.

तक्रार घेऊन मी तीन कार्यालयांत गेलो. प्रत्येक ठिकाणी माणसं सभ्य होती, आणि प्रत्येकाने पुढच्या कार्यालयाचा पत्ता दिला.

कायद्यांचा तुटवडा नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सांगतो, ज्याची जमीन त्याला खालचं पाणी उपसण्याचा हक्क. केंद्राचं प्राधिकरण १९९७ चं. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, अमलात आला १ जून २०१४ ला. त्यात राज्य भूजल प्राधिकरण आहे, पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्या आहेत, अधिसूचित, म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या, क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे, आधीच्या खोल विहिरींवर उपकर आहे. कागदावर उत्तम. पण रचना डोळ्यासमोर शेत आणि गाव ठेवून केलेली. केंद्राचं उपसा शुल्क जातं केंद्राच्या तिजोरीत. ज्या गल्लीतून पाणी निघालं, तिथे शोषखड्डा खणायला त्यातला रुपया परत येत नाही.

(नकाशा: टेक्सास.)

माझ्या विहिरीची गोष्ट एका दूरच्या कोर्टात आधीच लढली गेली होती. टेक्सासमधल्या डेनिसन गावात एका रेल्वे कंपनीने मोठी विहीर खोदली आणि शेजाऱ्याची घरगुती विहीर आटली. १९०४ साली टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या बाजूने निकाल दिला. जमिनीखालचं पाणी कसं फिरतं ते कळत नाही, मग नियम तरी कसा लावणार, असा विचार त्यामागे होता. ज्याचा पंप मोठा, त्याचं पाणी.

पुढे शेतकऱ्यांच्याच विहिरी खोल जाऊ लागल्या, तेव्हा १९४९ मध्ये तिथे भूजल संवर्धन जिल्ह्यांचा कायदा झाला. जिल्हा म्हणजे आपला कलेक्टरचा नव्हे. पाण्यापुरती स्थानिक संस्था. संचालक मंडळ बहुतेक ठिकाणी निवडून येतं. संस्था सहसा नुसत्या सरकारी आदेशावर उभी राहत नाही, लोकांचा कौल घ्यावा लागतो, मालमत्ता करालाही मतदारांची मंजुरी लागते. कराला मर्यादा आहे: मूल्याच्या शंभर डॉलरमागे पन्नास सेंट. किंवा उपशावर शुल्क: एकर-फुटाला, म्हणजे सुमारे १२ लाख ३३ हजार लिटरला, शेतीसाठी वर्षाला जास्तीत जास्त एक डॉलर, इतर वापरासाठी दहा. काही संस्थांना याहून वेगळे दर ठरवून दिलेले आहेत. या पैशातून विहिरींची नोंदणी होते, पातळी मोजली जाते.

सगळं गोड नाही तिथेही. पुष्कळ जिल्हे एकेका काउंटीपुरते, म्हणजे तिथल्या प्रशासकीय विभागापुरते, आणि खालचं पाणी काउंटीची हद्द ओळखत नाही. तरी विहीर आटलेल्या माणसाला दार ठोठवायला एक पत्ता आहे, आणि त्या दारामागच्या माणसांना त्याचं मत हवं असतं.

(सोसायटीचं ऑफिस. कपाट, फाइली, पावत्यांचं पुस्तक.)

मला वाटतं मुंबईला हे परकं नाही. आपण दर पाच वर्षांनी सोसायटीची कमिटी निवडतो. वार्षिक सभेत पंख्याच्या बिलावरूनही खजिनदाराला उभं करतो. इमारत म्हातारी होणार, म्हणून सिंकिंग फंडात दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम टाकतो. ही शिस्त कंपाउंडच्या भिंतीबाहेर नेता आली पाहिजे. एका झऱ्यावरच्या दहा-बारा सोसायट्या, चाळी, झोपडपट्ट्या आणि तिथले विहीरमालक यांची मिळून वॉर्डातली एक समिती. प्रत्येक टँकरमागे आणि खोदकामातल्या उपशामागे ठरलेलं शुल्क, आणि ते त्याच परिसरात खर्च करण्याची सक्ती. २००२ पासून मोठ्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण, म्हणजे पावसाचं पाणी साठवणं किंवा खड्ड्यांतून मुरवणं, बंधनकारक आहे. त्या खड्ड्यांतला गाळ दर मे महिन्यात काढायला पैसा लागतो, माणूस लागतो. झोपडपट्टीतल्या प्रतिनिधीचं मत मोजलं जावं, हा माझा हट्ट आहे. टँकरचं पाणी सर्वांत महाग पडतं ते तिथेच.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. आम्ही तेच महिने धरले. आमचा वॉचमन आता दोरीला गाठी मारून विहिरीत सोडतो. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर टँकरच्या वहीतच मागच्या पानावर लिहिलं जातं. समोरच्या दोन सोसायट्यांनी वही सुरू केली आहे. तिसरीच्या सेक्रेटरीबाईंनी परवा दोरी मागून नेली.

(वहीचं पान. खाली पेन्सिलने: मे, २२ फूट.)