माघारी

(दृश्य : पहाट. कृष्णेवर धुकं. चर्चच्या घंटेचा दोर ओढणारे दोन हात. नखांच्या कडेला हळदीचा पिवळा रंग.)

आमच्या भागात परत येण्याला माघारी येणं म्हणतात. दिंडीला गेलेला माणूस माघारी येतो. चरायला सोडलेली शेरडं दिवस मावळायला माघारी येतात. इब्री शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, संदेष्टे लोकांना पश्चात्तापासाठी हाक मारतात, तेव्हा 'शूब' हा शब्द वापरतात. त्याचा अर्थही एवढाच : वळ, माघारी ये.

सांगलीजवळच्या या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. चर्च लहान, तेव्हा कौलारू. घंटा वाजवणाऱ्या या भावाचं नाव आम्ही घेणार नाही. गावाला माहीत आहे, तेवढं पुरे.

त्यांचा एक छोटा टेम्पो होता. गावातली हळदीची पोती सांगलीच्या मार्केट यार्डात पोचवायची, भाडं घ्यायचं, संध्याकाळी घरी. माणूस हिशेबाला चोख, म्हणून चर्चच्या मंडळीनं छपराच्या निधीची वही त्यांच्याकडे दिली. कौलं गळत होती. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे. भाजी विकणाऱ्या एका आज्जींनी दर रविवारी वीस रुपये दिले, दोन वर्षं, एकही रविवार न चुकवता.

पहिल्यांदा त्यांनी निधीतले दोन हजार उचलले ते टेम्पोच्या हप्त्यासाठी. पुढच्या आठवड्यात ठेवू परत, असं मनाशी म्हणून. आणि ठेवलेसुद्धा. दुसऱ्यांदा पाच हजार उचलले, ते राहिले. मग इंजिनचं काम निघालं. पाप हे असं हप्त्याहप्त्यानं येतं, आणि प्रत्येक हप्त्याला कारण खरंच असतं. 2016 च्या पावसाळ्याआधी मंडळीनं पत्रे आणायचं ठरवलं. वहीवर रक्कम होती एक लाख शहाऐंशी हजार. डब्यात होते चार हजार.

त्याच रात्री ते गेले. भिवंडीला एका गोदामात हमाली धरली. घरी बायको आणि म्हातारी आई.

मंडळीची बैठक बसली. पोलिसांत द्यायचं की नाही यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. एक वडीलधारे पंच सगळ्यात संतापले होते. निधी गोळा करायला दारोदार हिंडले होते तेच. त्या संतापाला नावं ठेवायचा हक्क आम्हाला नाही. छपरातून पुढची तीन वर्षं पाणी गळत राहिलं, आणि उपासनेच्या वेळी त्याखाली बादल्या मांडायला तेच यायचे.

(दृश्य : आयर्विन पूल. खांबावरच्या फुटांच्या खुणा. कॅमेरा सावकाश वर जातो.)

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावात बोट पोचायच्या आधी लोकांनी गुळाच्या काहिली बाहेर काढल्या, ज्यात एरवी उसाचा रस आटवतात त्या. त्यात बसवून म्हातारी माणसं, लहान पोरं बाहेर काढली.

भिवंडीत या भावाच्या मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. जेमतेम पंधरा सेकंदांचा. छातीएवढ्या पाण्यात एक माणूस काहील ढकलतोय. काहिलीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली त्यांची आई, डोक्यावर पोत्याची खोळ. आणि ढकलणारे ते पंच.

"मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला सांगता येत न्हाई," ते आम्हाला म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर मी तिकडंच ऱ्हायलो असतो. शिव्या मला पचत हुत्या. हे पचंना."

इथे थोडं थांबू. कारण आमच्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म याच ठिकाणी आहे. माणूस आधी सुधारतो आणि मग देव त्याच्यावर दया करतो, असं आपण धरून चालतो. शास्त्रात क्रम उलटा आहे. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो की देवाचा चांगुलपणाच तुला पश्चात्तापाकडे आणतो. यरीहोत जक्कय जकातदार झाडावर चढून बसला होता. आज तुझ्या घरी उतरायचं आहे, हे प्रभू येशू आधी म्हणाला. ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देतो, हा जक्कयचा शब्द नंतरचा. आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातला, बापाकडून वाटणी घेऊन ती परदेशात उधळणारा तो धाकटा मुलगा. डुकरं राखताना त्यानं बापापुढे बोलायचं सगळं पाठ केलं होतं, मला मोलकऱ्यासारखं ठेवा इथपर्यंत. पण तो लांब असतानाच बाप धावत सुटला, गळ्यात पडला. पाठ केलेलं शेवटचं वाक्य मुलाच्या तोंडून आलंच नाही. बापानं येऊच दिलं नाही.

पूर ओसरल्यावर हे भाऊ माघारी आले. एस.टी.तून उतरले ते थेट चर्चमध्ये. तिथं बायका खराट्यानं गाळ काढत होत्या. कुणी काही बोललं नाही. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फावडं उचललं. दुपारी पायरीवर भाजीवाल्या आज्जी बसल्या होत्या. हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मान वर होईना.

"आज्जी, तुमचं पैसं..."

"पैशाचं मागनं बघू. सकाळधरनं काय खाल्लंयस का?"

आणि फडक्यातली अर्धी भाकरी पुढं केली.

रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना पुढं बोलावलं. त्यांनी रक्कम सांगितली. पुराचं निमित्त नाही, इंजिनचं नाही, फक्त रक्कम. आणि पश्चात्तापाचं 51 वं स्तोत्र वाचायला घेतलं. चौथ्या ओळीला आवाज गेला, तेव्हा उरलेलं मंडळीनं म्हटलं.

(दृश्य : वही. पानांच्या खालच्या कडा पुराच्या पाण्यानं तपकिरी. शाई पसरलेली, आकडे तरी वाचता येतात.)

ही तीच वही. आता ती पंचांकडे असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे भाऊ जमेल तेवढे पैसे आणतात. लॉकडाऊनमध्ये खंड पडला, टेम्पो विकला गेला, आता दुसऱ्याच्या गाडीवर जातात. आजवर एक लाख सत्तेचाळीस हजार पाचशे फिटले. क्षमा झाली मग हप्ते कशाला, असं आम्ही विचारलं. ते जरा गोंधळले. मग म्हणाले, "क्षमा विकत घ्याया न्हाई देत. मिळाली म्हणून देतो."

निधीचा डबा त्यांच्याकडे परत गेला नाही. त्यांनी मागितलाही नाही. क्षमा अपुरी पडली असं काहींना वाटेल, आम्हाला वाटत नाही. पाळकसाहेबांनी त्यांना दुसरं काम दिलं : घंटा आणि झाडलोट. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी उभा राहून प्रभूला तीनदा नाकारतो. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभू त्याला भेटतो, तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. वर मासळी, भाकरी. तिथं प्रभू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि तीनदा काम देतो, माझी मेंढरं राख. जिथं पाय घसरला तिथंच आणून उभं करतो, आणि हाताला काम देतो.

छपराला नवे पत्रे लागले आहेत. त्याखाली संध्याकाळी टाळ-मृदंगावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग होतात. 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत उभारणारे तेच टिळक.

पंच मात्र या भावाशी बोलत नव्हते. पैसे मोजून घ्यायचे, सही करायचे, बस्स. लूकच्या गोष्टीत त्या धाकट्या मुलाचा थोरला भाऊही रागावून अंगणातच उभा असतो. बाप बाहेर येऊन त्याचीही मनधरणी करतो. तो आत गेला का, हे लूक सांगत नाही.

आम्ही होतो तो महिन्याचा पहिला रविवार. बाहेर पाऊस. भावानं टेबलावर दोन हजार ठेवले. पंचांनी बोट ओलं करून नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या. वहीत आकडा लिहिला, सही केली. वही मिटली. आणि वर न बघताच विचारलं,

"म्हातारीचा गुडघा कसा हाय?"

(दृश्य : पत्र्यावर पावसाचा आवाज.)