पुढचा मिलिसेकंद कोणाचा?

(दृश्य: गर्दीचा प्लॅटफॉर्म. बहुतेकांच्या हातात फोन.)

या गर्दीत कुणी बोलतंय, कुणी सिनेमा पाहतंय, कुणी व्हिडिओ कॉलवर आहे. सगळ्यांची भिस्त एकाच गोष्टीवर: टॉवरच्या वाट्याला आलेला रेडिओ लहरींचा पट्टा. त्याची वाटणी बेस स्टेशनमधला, म्हणजे टॉवरच्या यंत्रणेतला, शेड्यूलर करतो: कुणाची पाळी कधी, हे ठरवणारा प्रोग्रॅम. फोर-जीमध्ये दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात १००० वेळा.

२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे १०० तुकडे पडतात. आपला सिग्नल किती बरा आहे, ते प्रत्येक फोन ० ते १५ मधल्या आकड्यात कळवत राहतो. हा आकडा स्थिर राहत नाही. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे पुसला जातो. २ गिगाहर्ट्झची लहर १५ सेंटिमीटरची. सिग्नल पडायला वीतभर सरकणंही पुरतं.

मग ज्याचा सिग्नल चांगला त्यालाच द्यायचं का? एकूण वेग सर्वाधिक मिळेल, पण कडेला उभा असलेला उपाशी राहील. आळीपाळीने दिलं, तर ज्याचा सिग्नल नेमका पडलाय त्याच्या पाळीत पट्टा वाया जातो. २००० सालाच्या सुमारास मोबाइल डेटासाठी एक तोड निघाली, आणि मला ती फार आवडते. आत्ता मिळू शकणाऱ्या वेगाला आतापर्यंत मिळालेल्या सरासरी वेगाने भागायचं. समजा, जवळच्या फोनला आत्ता २० मेगाबिट शक्य आहे, सरासरीही २०. उत्तर १. लांबच्याला ३ शक्य, सरासरी २. उत्तर दीड. पाळी लांबच्याची! प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भरतीच्या क्षणी गाठायचं.

पण या भागाकाराला घाई कळत नाही. बोलण्याचं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, दर २० मिलिसेकंदांनी तयार होतं आणि फोर-जीच्या मानकात त्याला पोहोचायला १०० मिलिसेकंद आहेत. शंभरात एखादं हरवलं तरी वाक्य समजतं. सिनेमाचं पॅकेट ३०० मिलिसेकंद थांबू शकतं, पण तिथे दहा लाखांत एखादंच हरवलेलं चालतं. व्हिडिओ कॉल सगळ्यांत अवघड: मुदत १५० मिलिसेकंद, हरवायची मुभा हजारात एक. त्यात अधूनमधून अख्खं चित्र पाठवलं जातं, मधल्या वेळात फक्त बदल. अख्ख्या चित्राचा तुकडा गळाला, की पुढची चित्रंही फाटकीच उमटतात.

म्हणून पॅकेट किती वेळ ताटकळलं, त्याचंही वजन सूत्रात घालता येतं. नेमकं सूत्र मानकात नाही. ते उपकरण बनवणाऱ्यावर सोडलं आहे.

आणि घाई आहे, हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. नेटवर्कच्या स्वतःच्या कॉलवर तशी खूण असते. ॲपवरचा कॉल बहुधा साध्या इंटरनेटच्या रांगेत उभा असतो, डाउनलोडच्या शेजारी.

(दृश्य: व्हिडिओ कॉलवरची मुलगी खांबाआड जाते. पडद्यावरचा चेहरा थबकतो.)

तिचा आकडा ११ वरून ४ वर आला. शेड्यूलरच्या लेखी वेग पडलेला हा आणखी एक फोन. पलीकडचं माणूस वाक्याच्या मध्यावर आहे, हे त्याला कुणी कळवलेलं नाही.