चादरीला विचारता, पेन्सिलीला का नाही?

मंडळी, नमस्कार. बाहेर अजून झळा मारतायत आणि तरी एवढी माणसं रंगीत पेन्सिलींवरचं बोलणं ऐकायला घराबाहेर पडली, यातच माझं मानधन मला मिळालं. विषय पत्रिकेवर छापलाय, ‘चित्रकारांसाठी रंगीत पेन्सिली: तुलना आणि निवड’. त्यावर मी येणारच आहे. पण आधी मला सांगा, चादर घ्यायला गेलात की दुकानात पहिला प्रश्न काय विचारता?

मागच्या रांगेतल्या ताई, बरोबर बोललात. ‘रंग जात नाही ना?’ सोलापुरात हा प्रश्न जन्मापासून येतो. मी तर अशा आज्ज्या पाहिल्यात, की रुमालाचं टोक ओलं करून चादरीच्या काठावर घासतील, रुमाल उजेडात धरून बघतील आणि मगच पैशाला हात घालतील. रंगखात्यात याला रबिंगची टेस्ट म्हणतात. आज्जीला ते नाव ठाऊक नसतं, टेस्ट मात्र अगदी तीच असते. आणि हीच आज्जी नातवाला घेऊन पेन्सिलींच्या दुकानात गेली, की काय बघते? डब्यावरचा पोपट. पोपट छान छापलाय, द्या. तिचं सोडा, तिला नातवाला खूश करायचंय. पण आपण, जे चित्रं विकतो, शिकवतो, लोकांच्या भिंतींवर टांगतो, ते तरी दुसरं काय बघतो? बहात्तर रंगांचा पत्र्याचा डबा आणि त्यावरचा पोपट. मला आज एवढंच सांगायचंय, की चादरीला जो प्रश्न विचारता तो पेन्सिलीला विचारा.

आमचे अप्पा इथल्याच एका गिरणीत रंगखात्यात होते. संध्याकाळी घरी आले, की साबणाने दोनदा हात धुवायचे, तरी नखांच्या कडेला निळी रेघ राहायचीच. आम्हा भावंडांना ती निळाई म्हणजे अप्पांच्या हाताचाच रंग वाटायची. घरी त्यांचा एक उद्योग चालायचा. रंगवलेल्या सुताची करंगळीएवढी लडी पुठ्ठ्यावर सपाट गुंडाळायची. तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा, वरून सुतळी आवळायची आणि पुठ्ठा पत्र्यावर उन्हात टाकून द्यायचा. वर दगड. आई ओरडायची, पत्र्यावर सांडगे वाळत घालायला जागा ठेवा म्हणून. महिन्याभराने अप्पा सुतळी सोडायचे, काळा कागद उचलायचे आणि आम्हाला बोलवायचे. काही लड्यांमध्ये झाकलेला आणि उघडा भाग सारखाच असायचा. काहींमध्ये मधोमध रेघ मारल्यासारखा फरक. एका बाजूला राणी कलर, दुसऱ्या बाजूला धुवट फडकं.

मी विचारलं होतं, अप्पा, हा रंग तर पाण्यात जात नव्हता, मग उन्हात कसा गेला? ते म्हणाले, “पाण्याला पक्का वेगळा, उन्हाला पक्का वेगळा.” या एका वाक्यावर मी आज तुमचा तास घेतोय.

अप्पांनी पत्र्यावर जे केलं त्याची प्रयोगशाळेतली पद्धत आहे, तिला ब्लू वूल स्केल म्हणतात. निळ्या रंगाने रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या. पहिली बघता बघता उडते, आठवी सगळ्यांत चिवट, आणि साधारण प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या दुप्पट-अडीचपट तग धरते. आपला नमुना या पट्ट्यांसोबत उजेडात ठेवायचा आणि तो कितव्या पट्टीच्या जोडीने फिका पडला ते बघायचं. ही मोजपट्टी निघाली कापडाच्या धंद्यातून. आज चित्रकारांच्या रंगांच्या कंपन्या तीच वापरतात, संग्रहालयातले लोकही वापरतात. म्हणजे हे शास्त्र मुळात आपल्या गावच्या धंद्यातलं आहे, आणि आपल्याच गावचे चित्रकार ते विसरलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक सांगतो, थोडं विषयांतर होईल. रंगखात्यातल्या जुन्या माणसांना इंडॅन्थ्रीन हा शब्द सांगून बघा, डोळे चमकतात. सुतावरचा पक्का निळा. १९०१ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीत रेने बोन या रसायनतज्ज्ञाने तो शोधला. सूत रंगवायच्या व्हॅट जातीच्या रंगांमधला तो निळा आणि चित्रकारांच्या रंगांमध्ये ज्याला पिगमेंट ब्लू साठ असा नंबर आहे तो निळा, हे एकच रसायन आहे. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस पेन्सिलींत २४७ नंबरची पेन्सिल काढा, तिचं नावच इंडॅन्थ्रीन ब्लू. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कागदावर एक पट्टी ओढली, आणि नखाच्या कडेची ती रेघ डोळ्यांपुढे आली. असो.

आता जी गोष्ट सांगायला मी गेली कित्येक वर्षं माणसं शोधतोय, ती सांगतो.

२०११ साली एक ताई माझ्याकडे आल्या. त्यांची आई वारली होती, फोटोवरून व्यक्तिचित्र हवं होतं. फोटो लग्नातला. आई पन्नाशीच्या, सावळ्या, नाकात मोरणी, अंगावर डाळिंबी इरकल, लाल पदर, त्यावर टोपतेनीची पांढरी नक्षी. हसताना गाल वर आलेले. मी त्या वेळी नवीनच एक परदेशी डबा आणला होता, चांगला महागाचा. कंपनीचं नाव सांगत नाही, विचारूही नका. तीन आठवडे बसलो. सावळ्या चेहऱ्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे, नुसत्या तपकिरीने चेहरा होत नाही, मडकं होतं. खाली गेरू आणि पिवळी माती, त्यावर बर्न्ट अंबर, आणि मग जीव येतो तो गुलाबीने. गालावर, ओठांवर, कानाच्या पाळीला, पापणीच्या कडेला. आणि हनुवटीखाली सावलीत थोडा जांभळा. ताई चित्र न्यायला आल्या आणि चित्रासमोर उभ्या राहून आईशी बोलल्या. पैसे द्यायला विसरल्या, संध्याकाळी परत आल्या.

चार वर्षांनी त्यांचा फोन. “सर, आईचा चेहरा उतरलाय.”

मला वाटलं, काच आतून दमट झाली असेल. गेलो. पश्चिमेची खिडकी, समोर चित्र. आपल्याकडचं संध्याकाळचं ऊन रोज तासभर थेट चेहऱ्यावर. आणि मंडळी, गुलाबी गेला होता. जांभळा गेला होता. माती राहिली होती, कारण गेरू आणि अंबर म्हणजे लोखंडाच्या गंजाची भावकी, ती उन्हाला दाद देत नाही. ओठ कोरडे, गाल बसलेले, डोळ्यांखाली मळकट. ताई म्हणाल्या, “शेवटच्या तीन महिन्यांत अशीच दिसायची. मी मुद्दाम हसरा फोटो दिला होता, सर.”

मी त्यांना काय सांगणार होतो?

चित्र घरी आणलं, फ्रेम सोडली. चित्राभोवती माऊंटचा पुठ्ठा असतो, तो चित्राची कड थोडी झाकतो. पुठ्ठा उचलला तर त्याखाली इरकलीची बोटभर पट्टी तशीच्या तशी. डाळिंबी, ओली वाटावी इतकी ताजी. तिच्या लगेच शेजारी, जिथे पुठ्ठा संपला तिथून, विटलेली तपकिरी. मधोमध सरळ रेघ. मी त्या रेघेकडे बघत बसलो. अप्पांची लडी होती ती. लहानपणापासून जे बघितलं, ते मी चित्रकार झाल्यावर एकदाही केलं नव्हतं, आणि माझ्याऐवजी ते त्या ताईंच्या भिंतीवर झालं होतं.

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, चित्र उन्हात कशाला लावलं? कंपनीला पत्र लिहिलं, सोबत त्या रेघेचा फोटो. दोन ओळींचं उत्तर आलं आणि खाली नव्या डब्याची जाहिरात. माझी तक्रार रंग उडाला ही नाही. काही रंग उडणारच, ते निसर्गाचं आहे. माझी तक्रार ही, की तो उडणार हे डब्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. साखरेच्या पिशवीवर वजन लिहावं लागतं, चादरीवर कशी धुवायची ते लिहिलेलं असतं, आणि आईच्या गालाचा रंग विकताना तो किती वर्षं टिकेल हे सांगायला नको?

चित्र मी पुन्हा नव्याने काढून दिलं, एक पैसा न घेता. जुनं माझ्याकडे आहे, आज मुद्दाम आणलंय, शेवटी दाखवतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता भरभर घेतो, वह्या काढा.

पहिलं, बांधणी. रंगाची पूड कागदावर धरून ठेवायला पेन्सिलीत मेण असतं किंवा तेल, बहुधा दोन्ही असतात, कुणाचा वाटा जास्त त्यावरून आपण मेणाची आणि तेलाची म्हणतो. मेणाची मऊ चालते, लोण्यासारखी पसरते. प्रिझ्माकलर प्रीमियर तशी. पण मऊ मेणाच्या थरावर काही दिवसांनी पांढुरकी साय येते. विद्यार्थी घाबरून फोन करतात, सर, चित्राला बुरशी आली. बुरशी नाही ती, मेण वर आलंय. मऊ सुती कापडाने हलकं पुसा, काम संपलं की फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रवाचे, पातळ फवारे मारा. दुसरं म्हणजे आपला मे महिना. पारा चव्वेचाळीसला गेला की मेणाचं टोक नको तितकं मऊ होतं, बारीक केस ओढायला गेलात तर दोरखंड उमटतो. म्हणून बारीक कामाला मी तेलाची सुचवतो. पॉलिक्रोमोस १९०८ पासून निघते, १२० छटा आहेत, टोक जरा कडक, टिकाऊ. सकाळी लवकर काम करणारे असाल तर मेणाचीही खुशाल घ्या.

दुसरं आणि मुख्य, उजेड. पॉलिक्रोमोसच्या दांडीवर तारे छापलेले असतात, तीन तारे म्हणजे सगळ्यांत टिकाऊ. कारान दाशची ल्युमिनन्स ही मालिका एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, रंगीत पेन्सिलींसाठीच्या डी ६९०१ या मानकाला धरून केलेली आहे. डर्वेंटने तर मालिकेचं नावच लाइटफास्ट, म्हणजे उजेडाला पक्की, ठेवलंय. या दोन्ही महाग आहेत, पूर्ण डबा घेऊ नका. प्रिझ्माकलरचा तक्ता कंपनीच प्रसिद्ध करते, त्यात काही गुलाबी-जांभळ्या छटा खालच्या वर्गात आहेत, तो तक्ता बघितल्याशिवाय त्या छटा विकायच्या चित्रात वापरू नका. ढोबळ सांगायचं तर माती रंग, काळा आणि थॅलो नावाचे निळा-हिरवा यांच्यावर विसंबायला हरकत नाही. गुलाबी, जांभळे आणि सगळे निऑन यांच्यावर संशय घ्या. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून रंगवणाऱ्या पोरांनो, तुमचं पाणी राहील, संध्याकाळचं जांभळं आभाळ राहील का ते तपासा.

तिसरं, खरेदी. चोवीसचा डबा पुरतो. चेहऱ्याला लागणाऱ्या पाच-सहा छटा सुट्या घ्या आणि त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असू द्या, तेल आणि मेण एकमेकांवर चालतं. सुटी पेन्सिल मिळत नसेल तो डबा घेऊ नका, कारण पांढरी आणि त्वचेची आधी संपते आणि उरलेल्या पेन्सिली नुसत्या शोभेला राहतात. घेताना दांडी टोकाकडून बघा, शिसं मधोमध आहे का. एका बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनरमध्ये तुटत राहील.

चौथं, शिक्षकांसाठी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलाला यातलं काहीही नको. त्याला कॅम्लिन द्या, डॉम्स द्या, भरपूर कागद द्या. त्याचं चित्र वहीत मिटलेलं असतं, वहीत ऊन जात नाही. त्याच्या आईबापांना महागाच्या डब्याच्या खर्चात पाडू नका, हात जोडून सांगतो.

पाचवं, आणि हे आज रात्रीच करा. जाड कागदावर तुमच्याकडच्या प्रत्येक पेन्सिलीची बोटभर रुंद पट्टी ओढा, दाबून, शेजारी नंबर. अर्धी पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाका, चिमटे लावा, पश्चिमेच्या खिडकीत काचेमागे ठेवा. तारीख लिहा. तीन महिने. आपल्या उन्हाळ्यात गुलाबी महिन्यातच बोलायला लागतो.

मी माझा कागद एक फेब्रुवारीला ठेवला होता. पुठ्ठा अजून उचललेला नाही, मलाही आत काय आहे ठाऊक नाही. आता उचलतो. जरा दिवा लावा हो इकडचा.

हं. पुढच्या रांगेपासून फिरवत मागे न्या. सोबत ताईंच्या आईचं जुनं चित्रही देतोय, डाव्या कडेची ती डाळिंबी पट्टी बघा आणि मग कागदावरचा सातवा नंबर बघा. कडेला धरा, रंगावर बोट लावू नका.