जरा मांजराकडे बघाल का?

नमस्कार श्रोतेहो.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा उंदरांपुढचा प्रश्न. माणसांपुढचा वेगळा आहे. तिकिटं काढून झाली, रजा मंजूर झाली, बॅग कपाटावरून खाली आली आणि इस्त्री केलेल्या शर्टांवर मांजर येऊन ऐसपैस बसलं, की घरात कुणाला तरी आठवतं: अरे, आपण नसताना हिचं लिटर, म्हणजे शी-शूच्या डब्यातली वाळू, कोण साफ करणार?

मग आपण शेजारचं दार वाजवतो आणि म्हणतो, "आठ दिवस जरा मांजराकडे बघाल का?" समोरून उत्तर येतं, "बघू की! त्यात काय एवढं?"

आज मला या 'बघू की'बद्दलच बोलायचं आहे. आपल्या भाषेत बघणं म्हणजे सांभाळणं, आणि बघणं म्हणजे डोळ्यांनी पाहणंही. मांजराच्या बाबतीत या दोन अर्थांची फारकत झाली की घोटाळा होतो. आमच्याकडे तो झाला, म्हणून सांगतो.

आमची मांजरं दोन. ढब्बू हा बोका, आणि चिमी. ढब्बूला माणूस म्हटला की झालं, पाहुण्यांच्या पायात तोच आधी घुटमळणार. चिमी मात्र बेल वाजली की पलंगाखाली. आम्ही पाच दिवस बाहेर गेलो, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. रोज संध्याकाळी फोन. काकू म्हणायच्या, "काही काळजी करू नका, दोन्ही वाट्या चाटूनपुसून लख्ख!" आम्ही निर्धास्त. परत आल्यावर चिमीला उचललं, तर हाताला हलकी लागली. पाठीचे मणके बोटांना मोजता येत होते. दोन्ही वाट्या पाचही दिवस एकटा ढब्बू लख्ख करत होता.

यात काकूंची चूक काडीचीही नाही. आम्ही त्यांना वाट्या भरायला सांगितलं, त्यांनी भरल्या. चिमीला पाहायला आम्ही कुठे सांगितलं होतं?

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते प्रत्येक मांजरवाल्याला माहीत असायला हवं. माणसाने दोन दिवस उपास केला तर बिघडत नाही. मांजराचं तसं नाही. त्याचं खाणं बंद झालं की शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं. ती सगळी यकृताकडे धावते, आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकदम पचवता येत नाही. ती तिथेच साचते, यकृत काम सोडतं, आणि मग मांजराला आणखीच खावंसं वाटत नाही. असं दुष्टचक्र सुरू व्हायला काही दिवसांची उपासमार पुरते. गंमत अशी की यात जास्त धोका गुबगुबीत मांजराला. 'हिच्या अंगावर आहे भरपूर, दोन दिवस नाही खाल्लं तर काय होतंय' हे वाक्य म्हणूनच घातक आहे. मांजराने २४ तास तोंडात काही घेतलं नाही, तर डॉक्टरांना फोन. उद्यापर्यंत वाट बघू, असं नाही.

बोक्यांचं आणखी एक दुखणं. बोका लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, जोर करतो, बाहेर येतो, पुन्हा जाऊन बसतो. नवख्या माणसाला वाटतं, बद्धकोष्ठ झालं असेल. पुष्कळदा लघवीचा मार्ग तुंबलेला असतो. बोक्याची मूत्रनलिका मुळातच अरुंद. घरात उलथापालथ झाली, धास्ती बसली, की मूत्राशयाला सूज येते आणि नलिकेत खडा किंवा चिकट बोळा अडकतो. हे तासांवर मोजायचं दुखणं आहे. एक-दोन दिवस दुर्लक्ष झालं तर जीव जातो. मग आता सांगा, सुट्टी संपल्यावर एकदम साफ करू म्हणून लिटर तसंच ठेवणाऱ्याला हे कळणार कसं? लिटर बॉक्स म्हणजे मांजराचं रोजचं वर्तमानपत्र. लघवीने वाळूचे झालेले गोळे किती, केवढे, कालच्यापेक्षा कमी की जास्त, हे येणाऱ्याने रोज वाचलं पाहिजे. हे काम कुणाला आवडत नाही, मलाही नाही. पण खाण्याची वाटी खोटं बोलू शकते, लिटर बोलत नाही.

तेव्हा मोठ्या परातीत तीन दिवसांचं कोरडं खाणं ओतून, दार लावून निघून जाणं, हे काही खरं नाही. दिवसातून किमान एकदा माणूस आत यायला हवा, दोनदा आला तर उत्तम. आणि आला म्हणजे उंबऱ्यातून वाटी सरकवून गेला असं नाही. प्रत्येक मांजर डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबायचं. लपणाऱ्या मांजराच्या चार-पाच खास जागा असतात. पलंगाचा खण, फ्रिजमागची फट, पुस्तकांच्या मागची पोकळी. त्या आपल्यालाच ठाऊक, म्हणून त्या लिहून द्यायच्या. दोन मांजरं असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत खायला घालायचं, हे आम्ही चिमीमुळे शिकलो.

हल्ली वेळेवर खाणं टाकणारी यंत्रं मिळतात. चांगली असतात. पण त्यात दाणे अडकतात, बॅटरी संपते, आणि यंत्र कितीही हुशार असलं तरी मांजराने खाल्लं नाही म्हणून त्याच्या पोटात कालवत नाही. मदतनीस म्हणून ठेवा, राखणदार म्हणून नको. कॅमेऱ्याचंही तेच, तो जिथे लावला तिथलंच दाखवतो. कॅमेऱ्यातून मांजराला हाका मारण्याची एक हौस असते, ती मात्र मी सोडून दिली. टोकियोतल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं होतं की मांजरं मालकाचा आवाज परक्यांच्या आवाजातून बरोबर ओळखतात. उत्तर देत नाहीत एवढंच, कान तेवढे वळवतात. (घरोघरी हेच. ओळखतात, पण ओ देत नाहीत.) पुढे २०२१ मध्ये क्योटोत आणखी एक प्रयोग झाला. मालकाचा आवाज आधी एका ठिकाणाहून ऐकवला आणि लगेच भलत्याच ठिकाणाहून, तर मांजरं चमकली. म्हणजे 'तो कुठे आहे' याचा नकाशा ती मनात ठेवतात. आता माणूस नाही, वास नाही, आणि कपाटावरच्या डबीतून त्याचा आवाज येतोय, अशा वेळी त्या बिचाऱ्या जिवाने काय समजायचं?

मग मांजराला घरीच ठेवावं की बोर्डिंगमध्ये, म्हणजे पाळीव प्राणी ठेवून घेणाऱ्या ठिकाणी? कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, पण अर्धं तरी आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मांजराचं बिऱ्हाड टेबलाच्या पायांवर, दाराच्या कडेवर, सोफ्याच्या कोपऱ्यावर असतं. येता-जाता तिथे गाल घासून ते आपला वास लावून ठेवतं. या वासांच्या खुणा शाबूत असल्या की मांजराला सुरक्षित वाटतं. त्याला दुसरीकडे नेलं की सगळ्या खुणा एका दमात पुसल्या जातात. म्हणून माझा कौल घराच्या बाजूने.

पण हट्ट नको. इन्सुलिनवर असलेल्या मांजराला साधारण दर १२ तासांनी सुई लागते. पिल्लू दिवसभर एकटं राहू शकत नाही. आणि कधी भरवशाचा माणूसच मिळत नाही. अशा वेळी बोर्डिंग बरं. १९९७ साली बोर्डिंगमधल्या मांजरांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन आठवड्यांत साधारण दोन तृतीयांश मांजरं चांगली रुळली, उरलेल्यांना ते जड गेलं, आणि शंभरात चारेक इतकी घाबरलेली राहिली की त्यांना तिथे ठेवायलाच नको होतं. यातली मेख लक्षात आली का? रुळायला दोन आठवडे. आपली सुट्टी पुष्कळदा त्याच्या आत संपते.

बोर्डिंग बघायला स्वतः जा. कुत्री दिसतात का, भुंकणं ऐकू येतं का, मांजराला लपायला जागा आहे का, एवढं तरी पाहा. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर प्रयोग झाला होता, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाली मांजरं कितीतरी लवकर निवळली. खर्च काय, तर एक पुठ्ठ्याचं खोकं! आणि तिथल्या माणसाने लसीकरणाचं कार्ड मागितलं नाही, तर तिथूनच परत फिरा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर वर्षभरसुद्धा तग धरतो. लस निघायच्या आदल्या दिवशी टोचून भागत नाही, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. सोबत तुमचा वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट द्या. तुम्हाला लाज वाटेल, मांजराला आधार वाटेल.

कॅरियरही दोन-तीन आठवडे आधीच खाली काढून, आत मऊ कापड घालून खोलीत उघडा ठेवावा. एरवी माळ्यावर असणारी ही पेटी फक्त डॉक्टरांकडे जायच्या दिवशीच खाली येते, हे मांजराने केव्हाच ओळखलेलं असतं.

घरी येणारा माणूस ठरला, की त्याची आणि मांजराची गाठ आपण असतानाच घालून द्यावी. एकदा नव्हे, दोनदा. पाहुण्याला सांगायचं, हात पुढे करू नका, 'ये ये' करू नका, जमिनीवर बसा आणि दुसरीकडे बघा. मांजराने पाहिलं तर डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त सहज येतात. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथे डोळे माणसाने मिटायचे.

आता घराविषयी थोडं. नवा माणूस आत आला की सवयीने खिडकी उघडतो, 'कोंदट झालंय' म्हणून. जाळी नसलेली खिडकी उघडायची नाही, हे दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवा. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या, आणि त्या अवघ्या पाच महिन्यांतल्या होत्या. मांजर तोल सांभाळतं, पण समोर पाखरू दिसलं की त्याचं भान सुटतं. कपाट किंवा वॉशिंग मशीन बंद करण्याआधी आत हात फिरवायचा. शिवणाची सुई-दोरा, लोकर, भेटवस्तूंच्या फिती उचलून ठेवायच्या. गिळलेला दोरा आतडी कापतो. कुणी लिलीची फुलं आणली तर ती घराबाहेर. पाकळीच काय, अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. आणि मांजराचं अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल कुणी चुकूनही देऊ नये. माणसाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

शेवटी एक कागद. त्यावर डॉक्टरांचा नंबर, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, मांजराचा फोटो, कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर तिचा १५ आकडी क्रमांक. आणि एक वाक्य, जे लिहायला सगळे टाळतात: माझा फोन लागला नाही तर अमुक रकमेपर्यंत उपचार करायला माझी परवानगी आहे. हे नसलं की शेजारी मध्यरात्री दवाखान्यात उभा राहतो, मांजर हातात, आणि हो म्हणावं की नाही ते त्याला कळत नाही. त्याच्यावर ती वेळ आणू नये. दवाखान्याला आणि डॉक्टरांनाही जाण्याआधी तसं सांगून ठेवावं.

घरी परतल्यावर मांजर पाठ करून बसलं तर मनाला लावून घेऊ नका. दोन मांजरांपैकी एकच बाहेर राहून आलं असेल, तर घरातलं दुसरं त्याच्यावर फिस्कारू शकतं. वास बदललेला असतो, ओळख पटत नाही. एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा. आणि पुढचा आठवडाभर शिंका येतात का, यावर लक्ष असू द्या. जुना दबलेला सर्दीचा विषाणू धास्तीनंतर पुन्हा डोकं वर काढतो.

त्या प्रकारानंतर वर्षभराने आम्ही पुन्हा निघालो. काकूंकडे किल्लीबरोबर एक वही दिली. रोज चार गोष्टी लिहायच्या: ढब्बूने किती खाल्लं, चिमीने किती खाल्लं, लिटरमध्ये गोळे किती, चिमी दिसली का. परत आल्यावर वही उघडली. पहिल्या पानावर होतं, "चिमी दिसली. पलंगाखाली. फक्त डोळे." तिसऱ्या दिवशी, "चिमी बाहेर आली, मला बघून परत गेली." पाचव्या दिवशी, "गोळे चार. चिमीने माझ्यादेखत खाल्लं, मी श्वाससुद्धा घेतला नाही." आणि शेवटच्या पानावर काकूंच्या तिरप्या अक्षरात, "चिमी आज अर्धा तास मांडीवर. पाय बधिर. तुम्ही उद्या येताय असं कळलं. आणखी दोन दिवस राहिला असतात तरी चाललं असतं."

नमस्कार.