बिडाचा ब्लॉक म्हातारा झालाय का?

मगाशी एका पोरानं विचारलं, सर, आता कारच्या इंजिनला अॅल्युमिनियमचेच ब्लॉक यायला लागलेत, मग आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या बिडाच्या फौंड्र्यांचं काय होणार? प्रश्न रास्त आहे. पण आधी ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, काय सोसावं लागतं ते बघू. आत जाळ, बाजूनं पाणी, वरनं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, आवळणाऱ्या बोल्टांचा ताण, आणि पिस्टनच्या रिंगा सतत बोअर (पिस्टन वरखाली होतो ते गोल भोक) घासतायत, हे सगळं लाखो किलोमीटर.

बिडात कार्बन ३ ते ३.५ टक्क्यांच्या आसपास, आणि तो बराचसा ग्राफाइटच्या पाकळ्या होऊन बसलेला असतो. मला विचाराल तर बिडाची सगळी गंमत या पाकळ्यांतच आहे. कंपनं त्या शोषून घेतात, बोअरला स्वतःचं वंगण देतात, मशीनवर चिप्स बारीक पडतात. पण ताण आला की भेग सुरू होते तीही याच पाकळ्यांच्या टोकापासनं. घरातला बिडाचा तवा हातातनं पडला तर वाकत नाही, फुटतो, त्याचं कारण हेच. म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि वजन वाढतं.

अॅल्युमिनियमची घनता २.७, बिडाची साधारण ७.२. म्हणून ब्लॉक तिसऱ्या हिश्श्यात बसेल असं नाही, कारण ते लवचिक, ताठपणासाठी जास्त माल घालावाच लागतो, तरी बरंच वजन वाचतं आणि उष्णताही दुपटीपेक्षा जास्त वेगानं वाहून नेतं. बोअर मात्र मऊ पडतो, त्यामुळं बहुतेक ठिकाणी आत बिडाचीच स्लीव्ह, म्हणजे नळी, असते! म्हणजे बीड गेलं कुठं, आत जाऊन बसलं. आता ८० मिमीचा बोअर १०० अंशांनी तापला तर अॅल्युमिनियम साधारण ०.१७ मिमी फुगतं, बीड ०.०९, हा फरक डिझाइनवाल्याला सांभाळावाच लागतो. माझ्याकडं एकदा गगनबावड्याच्या घाटातनं आलेली असल्याच ब्लॉकची गाडी होती, कूलंट संपलेलं, मालकानं तशीच पळवली, उघडून बघितलं तर हेडबरोबर ब्लॉकची वरची फेससुद्धा वाकलेली. जीव हळहळला.

आणि मधला रस्ता आहे कॉम्पॅक्टेड ग्राफाइट बिडाचा, त्यात ग्राफाइट पाकळीऐवजी जाड अळीसारखा. ताणाची ताकद साध्या बिडाच्या जवळजवळ पावणेदोन पट, म्हणून जास्त दाबाच्या डिझेलला उत्तम. पण मॅग्नेशियम अगदी मोजकं लागतं, ०.०१ ते ०.०२ टक्क्यांच्या आसपास, कमी पडलं की परत पाकळ्या, जास्त झालं की गोळे, आणि लाडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, वितळलेला माल थांबला की मॅग्नेशियम उडतच जातं, म्हणून ओतायला मिनिटांचा हिशेब. आपल्या पोरांनी हेच शिकायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतं, भट्टीची जाण आपल्याकडं आहेच.

म्हणून त्या पोराला माझं उत्तर असं, छोट्या पेट्रोल कारला स्लीव्हचा अॅल्युमिनियम ब्लॉक बरोबर, ट्रॅक्टर आणि जनरेटरला साधं बीड, तिथं वजन अडत नाही आणि झिजलं तर रिबोर करून, म्हणजे बोअर थोडा मोठा कापून, परत उभं करता येतं. जोरकस डिझेलला कॉम्पॅक्टेड.

उद्या शॉपवर लवकर या. टेस्ट बार, म्हणजे त्याच मालाची ओतलेली नमुन्याची कांडी, तुमच्यासमोर तोडू. तुटलेली बाजू करडी दिसली तर ग्राफाइट नीट सुटलाय, पांढरी दिसली तर कार्बाइड, म्हणजे लोखंड-कार्बनचं फार कठीण संयुग, झालंय, तो ब्लॉक बोरिंगला पाठवलात तर टूलच जाईल.