विल स्वतः लिहायचं की वकिलाकडून करून घ्यायचं?

जून १९४८. कॅनडातला सास्काचेवान प्रांत. सेसिल जॉर्ज हॅरिस नावाचा शेतकरी शेतात स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला, पाय दबलेला, हाक ऐकायला जवळ कोणी नाही, आणि असे कित्येक तास गेले. खिशात चाकू होता, तो काढून त्याने मडगार्डच्या पत्र्यावर कोरलं की यात मी मेलो तर माझं सगळं बायकोला. खाली नाव टाकलं. नंतर तो हॉस्पिटलमध्ये वारला आणि कोर्टाने तो पत्रा विल म्हणून मान्य केला.

मग वकील हवाच कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण ते टिकलं कारण तिथे स्वहस्ते लिहून सही केलेलं विल साक्षीदारांशिवाय चालतं, आणि वाटणी काही नव्हतीच, सगळं एकाच माणसाला. इंग्लंडमध्ये १८३७ च्या कायद्यापासून दोन साक्षीदार एकाच वेळी समोर लागतात, तिथे हा पत्रा टिकला नसता.

आता वॉरेन बर्गर बघा. अमेरिकेचे माजी सरन्यायाधीश, १९९५ ला वारले. विल स्वतःच केलेलं, फक्त १७६ शब्दांचं. वैध होतं, तरी त्यात एक्झिक्युटरना, म्हणजे विल अमलात आणणाऱ्यांना, स्थावर मालमत्ता विकायचा अधिकारच लिहिलेला नव्हता, टॅक्सचं नियोजन नव्हतं. कायद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडूनही हे राहून जातं, कारण विल करणं हे वेगळंच काम आहे.

माझं मत सरळ आहे. एक घर, थोडी बचत, वारस सज्ञान आणि एकमेकांशी नीट बोलणारे, असं असेल तर स्वतः लिहा, बिनधास्त लिहा. पण दुसरं लग्न, पहिल्या लग्नाची मुलं, लहान किंवा कायम सांभाळावं लागणारं मूल, भागीदारीतला धंदा, दोन देशांत प्रॉपर्टी, किंवा कोणाला मुद्दाम काही द्यायचं नाहीये, यातलं एक जरी असलं तरी वकिलाकडे जाच. फी जास्त वाटते हो, पण भावाभावांत दावा लागला की त्याच्या कितीतरी पट पैसा जातो आणि नाती जातात ती वेगळीच.

मधला रस्ताही आहे, मसुदा आपण लिहायचा आणि वकिलाकडून तपासून घ्यायचा. तसंही कोणाला काय द्यायचं हा विचार वकील करून देत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो.

स्वतः लिहिणाऱ्यांचं बहुतेक वेळा घोडं अडतं ते सहीपाशी. ज्या मुलीला घर द्यायचं तिलाच साक्षीदार केलं तर बऱ्याच ठिकाणी तिचा हिस्साच रद्द होतो. शिवाय जुनं विल रद्द केल्याचं वाक्य लिहायचं राहून जातं, मग दोन विलं निघतात. यादीत नसलेल्या मालमत्तेचं काय करायचं हे लिहिलेलंच नसतं. आणि माणूस गेल्यावर विचारणार कोणाला?

ओरिजिनल कुठे ठेवलंय ते एक्झिक्युटरला आजच सांगा. फक्त आपल्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण लॉकर उघडायचा हक्क दाखवायला विल लागेल आणि ते आत बंद असेल.